मतदाराची ठेव

श्रावकाच्या व्रतांचा विषय निघाला, की अहिंसा, आहार आणि उपवास यांविषयी पुष्कळ बोलले जाते. सत्य आणि अचौर्य या दोन अणुव्रतांचे अतिचार मात्र बहुधा पाठांतरापुरते उरतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितलेल्या या अतिचारांपैकी तीन नावे अशी आहेत, की ती पेढीच्या गादीवर बसूनच सुचली असावीत असे वाटते. न्यासापहार म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव गिळणे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे. हीनाधिकमानोन्मान म्हणजे देताना एक आणि घेताना दुसरे माप वापरणे.

यांपैकी न्यासापहाराचे टीकाकारांनी केलेले विवरण विशेष मार्मिक आहे. एका गृहस्थाने कोणाकडे द्रव्य ठेवले. काळ लोटला आणि किती ठेवले होते याचा त्याला विसर पडला. परत मागताना त्याने कमी आकडा सांगितला. ठेव राखणारा शांतपणे म्हणाला, ‘बरोबर, तेवढेच घेऊन जा.’ त्याने कुलूप फोडले नाही की कोणावर हात उगारला नाही. दुसऱ्याला मोजणी ठाऊक नाही, एवढ्याच गोष्टीचा त्याने लाभ घेतला. शास्त्रकारांनी मात्र हा दोष सोडला नाही. त्याला नाव देऊन त्यांनी तो सत्यव्रताच्या अतिचारांत नोंदवला.

लोकशाहीतील मत ही अशीच एक ठेव आहे. मतदार ती पेटीत टाकतो, तेव्हा आपण काय टाकले हे त्याला ठाऊक असते. सर्वांचे मिळून किती जमले हे कोणाही एका मतदाराला ठाऊक नसते. मोजणारा जो आकडा सांगेल तो स्वीकारण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. कोट्यवधी ठेवीदार, आणि एकालाही एकूण रक्कम माहीत नाही! न्यासापहाराला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. ही जागा बंद करण्यासाठी एखाद्या देशाच्या नागरिकांना किती किंमत मोजावी लागते, याचे बोलके उदाहरण पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशाचे आहे.

केनिया जैन समाजाला परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जामनगरजवळच्या हालार भागातील ओशवाल कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली. मोंबासा, नैरोबी, किसुमू अशा गावांत त्यांनी लहान लहान दुकाने थाटली. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, आणि ‘दुकावाला’ ही तेथील हिंदी व्यापाऱ्याची ओळखच होऊन बसली. मोंबासातील संगमरवरी जिनालय त्यांच्या श्रद्धेची आणि स्थैर्याची साक्ष देत उभे आहे. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. तेथील निवडणुकीची झळ लागते ती या घरांनाही लागते.

१९६३ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात १९८२ साली कायद्यानेच एकपक्षीय राजवट आली. १९८८ मध्ये सत्तारूढ पक्षाचे उमेदवार निवडण्यासाठी गुप्त मतपत्रिकेऐवजी रांगेची पद्धत अवलंबली गेली. मतदारांनी आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या मागे उघड्या मैदानात उभे राहायचे आणि अधिकाऱ्याने डोकी मोजायची. स्वाहिलीत या रांगेला ‘म्लोलोंगो’ म्हणतात. त्यावेळी अनेक ठिकाणी आखूड रांगेचा उमेदवार विजयी आणि लांब रांगेचा पराभूत ठरला. भर दुपारी, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत हे घडले. सत्य सर्वांना दिसत होते, पण ते कोठेही लिहिलेले नव्हते, आणि लिहिण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्याने वेगळेच लिहिले. तेव्हापासून केनियाच्या सामान्य नागरिकाच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला : आपण मोजले जातो, की केवळ उभे केले जातो?

जनतेच्या रेट्यामुळे डिसेंबर १९९१ मध्ये बहुपक्षीय पद्धत परत आली. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांना वांशिक दंगलींचे गालबोट लागले. २००२ मध्ये मात्र मतदारांनी शांतपणे सत्तांतर घडवले आणि म्वाई किबाकी राष्ट्राध्यक्ष झाले. जुने दिवस सरले अशी आशा सर्वत्र पसरली. त्या आशेचे आयुष्य पाचच वर्षांचे ठरले.

२७ डिसेंबर २००७ रोजी मतदान झाले. लोक पहाटेपासून रांगा लावून उभे होते. आरंभीच्या मोजणीत विरोधी नेते रायला ओडिंगा आघाडीवर होते. नंतर काही भागांचे निकाल येईनासे झाले. मतदारसंघात जाहीर झालेला आकडा आणि नैरोबीत वाचला जाणारा आकडा यांत तफावत दिसू लागली. मोजणीच्या सभागृहात गोंधळ उडाला. ३० डिसेंबरच्या सायंकाळी निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनी एका खोलीत, सरकारी वाहिनीसमोर, किबाकी विजयी झाल्याचे घोषित केले. अंतर होते सुमारे २ लाख ३१ हजार मतांचे. त्यानंतर तासाभरात, दिवस मावळता मावळता, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी शपथविधी उरकण्यात आला. दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणांवर बंदी आली. काही दिवसांनी स्वतः किवुइटू यांनी पत्रकारांना सांगितले, की खरोखर कोण जिंकले हे आपल्याला ठाऊक नाही.

ठेव राखणाऱ्यानेच हात वर केले होते, आणि पुढे जे घडले त्याने जग हादरले. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेट शहराजवळील कियांबा येथे, जीव वाचवण्यासाठी चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या स्त्रियांना आणि मुलांना आगीच्या भक्ष्यस्थानी पडावे लागले. पुढे नाकुरू आणि नैवाशा येथे सूडाच्या दंगली झाल्या. किसुमूच्या बाजारपेठेत हिंदी वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकाने लुटली आणि जाळली गेली. न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या चौकशी आयोगाने १,१३३ मृत्यूंची नोंद केली. साडेतीन लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. मृतांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक बंदुकीच्या गोळीने मेले होते, आणि त्यातला मोठा वाटा पोलिसांच्या गोळीबाराचा होता.

हा सारा वणवा एका आकड्याने पेटवला असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. रिफ्ट खोऱ्यातील जमिनीचे जुने तंटे होते आणि जमातीजमातींतील संशय होता. सत्ता म्हणजे ‘खाण्याची पाळी’ असे तेथील बोलीत उघडपणे म्हटले जाई. एका जमातीचा माणूस गादीवर बसला की रस्ते, नोकऱ्या, ठेके सारे त्याच्या लोकांकडे वळणार, आणि हरणाऱ्यांची पाच वर्षे उपाशी जाणार, अशी ही समजूत होती. ज्या खेळात जिंकणारा सर्वस्व नेतो, तेथे हरणे कोणालाच परवडत नाही. परिग्रहाची मर्यादा न पाळणारी सत्ता आपल्याभोवती भय निर्माण करते, आणि ते भय हिंसेला निमंत्रण देते. अपरिग्रह हे व्रत व्यक्तीला सांगितले आहे, पण त्याची गरज राज्यव्यवस्थेला किती आहे हे केनियात रक्ताने लिहिले गेले.

कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला. किबाकी राष्ट्राध्यक्ष राहिले आणि ओडिंगा यांच्यासाठी पंतप्रधानपद निर्माण करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायाधीश योहान क्रीग्लर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने निवडणुकीची छाननी केली. त्याचा निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचा होता. मतदारयादीत मृतांची नावे लक्षावधींनी होती, बनावट मते दोन्ही बाजूंच्या बालेकिल्ल्यांत पडली होती, आणि नोंदी इतक्या बिघडल्या होत्या की खरा विजेता कोण हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते. हजाराहून अधिक माणसे ज्या सत्यासाठी मेली, ते सत्य नष्टच झाले होते. खोट्या दस्तऐवजाचा सर्वांत भयंकर परिणाम हाच असतो. तो खऱ्याला झाकतो, आणि पुढे खरे शोधण्याचा मार्गही पुसून टाकतो.

येथून पुढची केनियाची वाटचाल वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१० मध्ये नवे संविधान आले. देशात ४७ परगणे निर्माण झाले आणि राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा त्यांच्याकडे जाऊ लागला. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते तर हवीतच, शिवाय किमान निम्म्या परगण्यांत प्रत्येकी २५ टक्के मतेही हवीत, अशी अट आली. निकालाला आव्हान देण्यासाठी सात दिवस आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयासाठी चौदा दिवस ठरले. तोवर शपथविधी नाही. सांजवेळी घाईने शपथ उरकण्याची वाट कायद्याने बंद केली.

एक महत्त्वाची सुधारणा नागरिकांनी न्यायालयात जाऊन मिळवली. मतदान केंद्रावर मोजलेला आकडा अंतिम, की नैरोबीला तो बदलण्याचा अधिकार, असा प्रश्न मानवाधिकार कार्यकर्ते माइना कियाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी उपस्थित केला. जून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की केंद्रावर जाहीर झालेला आकडा अंतिम आहे. वरच्या अधिकाऱ्याचे काम केवळ बेरजेचे. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर रोजकीर्दीतील नोंद खरी, आणि मुनीमाला खतावणीत ती बदलता येणार नाही. प्रत्येक केंद्रावर भरल्या जाणाऱ्या ‘३४ अ’ क्रमांकाच्या साध्या कागदाला यामुळे असाधारण महत्त्व आले. त्यावर प्रत्येक उमेदवाराची मते लिहायची, अधिकाऱ्याने आणि प्रतिनिधींनी सही करायची आणि त्याची प्रत केंद्राच्या दारावर लावायची.

तरीही मार्ग सोपा नव्हता. ८ ऑगस्ट २०१७ च्या मतदानाला थोडेच दिवस उरले असताना निकाल पाठवण्याच्या संगणकीय यंत्रणेची जबाबदारी सांभाळणारे आयोगाचे अधिकारी क्रिस म्सांडो यांची हत्या झाली. निकाल उहुरू केन्याटा यांच्या बाजूने लागला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने संगणकातील नोंदी पाहू देण्याचा आदेश दिला. आयोगाने तो पूर्णपणे पाळला नाही. १ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा बहुमताने निवडणूक रद्द ठरवली. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचा विजय न्यायालयाने रद्द करण्याचा आफ्रिकेतील हा पहिलाच प्रसंग होता. निकालपत्रातील एक विचार शाळेतील प्रत्येक मुलाला समजेल असा आहे : गणितात नुसते उत्तर लिहून चालत नाही, रीतही दाखवावी लागते.

न्यायाचा हा क्षण तेजस्वी होता, पण पुढचे दोन महिने निराशेचे गेले. आयोगात पुरेशी सुधारणा झाली नाही असे सांगून ओडिंगा यांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. फेरमतदान पुढे ढकलण्याची याचिका आदल्या दिवशी सुनावणीस आली, तेव्हा दोनच न्यायमूर्ती हजर होते. आदल्या सायंकाळी उपसरन्यायाधीशांच्या वाहनचालकावर गोळीबार झाला होता. २६ ऑक्टोबरच्या मतदानात ३९ टक्क्यांच्या आसपासच मतदारांनी भाग घेतला आणि विजेत्याला ९८ टक्के मते मिळाली. आकडा प्रचंड होता, पण त्यातील विश्वास क्षीण होता.

९ ऑगस्ट २०२२ च्या निवडणुकीत आयोगाने एक धाडसी पाऊल उचलले. ४६ हजारांहून अधिक केंद्रांवरील ‘३४ अ’ कागदांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली करण्यात आली. वृत्तसंस्था, पक्ष, विद्यार्थी, दुकानदार, ज्याला वाटेल त्याने ती पाहावीत आणि बेरीज करावी. ठेवीदारांना प्रथमच वही उघडून दाखवली गेली होती. याचा अर्थ सारे सुरळीत झाले असा नव्हे. नैरोबीतील एका मतदारसंघाचा निर्वाचन अधिकारी बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. १५ ऑगस्टला विल्यम रुटो यांचा विजय जाहीर होताना आयोगाच्या सात सदस्यांपैकी चौघांनी निकालाशी आपला संबंध नाकारला. तरीही ५ सप्टेंबरला सातही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल कायम केला, आणि ओडिंगा यांनी तीव्र मतभेद नोंदवूनही न्यायालयाचा मान राखला.

येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २००७ मध्ये जाहीर झालेले अंतर होते २ लाख ३१ हजार मतांचे. २०२२ मध्ये ते होते २ लाख ३३ हजार मतांचे. पराभूत घोषित झालेली व्यक्ती दोन्ही वेळा तीच. मतदारांची संख्या वाढलेली असल्याने दुसऱ्या वेळचे अंतर प्रमाणाने अधिकच चिंचोळे होते. पहिल्या वेळी देश पेटला; दुसऱ्या वेळी वाद न्यायालयाच्या दालनात संपला. पंधरा वर्षांत केनियातील जमाती बदलल्या नाहीत, राजकारणीही फारसे बदलले नाहीत. सत्तेची वाटणी बदलली, न्यायालयाचा दरारा वाढला, आणि मुख्य म्हणजे रीत दिसू लागली. अहिंसा केवळ शांततेच्या आवाहनाने नांदत नाही. पराभूताला ‘मला फसवले’ असे म्हणण्यास कारण उरू नये, यासाठी आधी केलेली खटपट हा अहिंसेचाच भाग आहे.

तथापि या कथेचा शेवट गोड म्हणून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. २०१३ मध्ये केनियात सुमारे ८६ टक्के मतदान झाले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ते ७९ टक्क्यांच्या आसपास आले आणि २०२२ मध्ये ६५ टक्क्यांच्या जवळ. कागद स्वच्छ होत गेला तसतशी रांग आखूड होत गेली. महागाई, बेकारी, भ्रष्टाचार यांनी गांजलेल्या तरुणांना वाटू लागले, की मोजणी खरी असली तरी मोजण्याजोगा उमेदवारच नाही. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध हेच तरुण रस्त्यावर उतरले, कित्येकांचे प्राण गेले आणि सरकारला ते विधेयक मागे घ्यावे लागले. पुढील निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. ठेव राखणारा प्रामाणिक झाला, पण ठेवीदारच पेढीकडे फिरकेनासे झाले तर पेढी कशी चालायची, हा केनियापुढचा आजचा प्रश्न आहे, आणि तो केवळ केनियापुढचा नाही.

जैन आचार्यांनी दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. मनाची शुद्धी ढळणे ही पहिली, मर्यादा ओलांडणे ही दुसरी, व्रताला अंशतः बाध येणे ही तिसरी, आणि व्रताचा पूर्ण भंग ही चौथी. अतिचारापर्यंत परतीची वाट मोकळी असते. आलोचना आणि प्रतिक्रमण त्यासाठीच आहेत. विकसनशील देशांतील बहुतेक लोकशाही राष्ट्रे या तिसऱ्या पायरीवर उभी आहेत. त्यांच्या निवडणुका निर्दोष नाहीत, पण व्रत अजून सुटलेले नाही. अशा वेळी दोष दाखवणारा नागरिक देशद्रोही ठरत नाही, जसा आपले दोष गुरूंसमोर मांडणारा श्रावक धर्मभ्रष्ट ठरत नाही. क्रीग्लर आयोगाचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय ही एका राष्ट्राची जाहीर आलोचना होती. ज्या देशात दोषाचा उच्चारच अपराध ठरतो, तो देश चौथ्या पायरीकडे निघालेला असतो.

स्वाहिलीत न्यायाला आणि अधिकाराला ‘हाकी’ म्हणतात. मराठीतील ‘हक्क’ आणि हा शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. हक्क मागणाऱ्याने कर्तव्यही उचलावे, हे दोन्ही भाषांतील शहाण्यांना सारखेच मान्य होईल. ते कर्तव्य फार मोठे नाही. मतदारयादीतील आपले आणि दिवंगत आप्तांचे नाव तपासणे, मताच्या बदल्यात काही न घेणे, मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून दिवसभर बसण्यास कोणी बोलावले तर टाळाटाळ न करणे, आणि हरल्यावर पुराव्याशिवाय आरोप न करणे. समाजाच्या संस्थांतही, मग ते मंदिराचे विश्वस्त मंडळ असो, बोर्डिंगची समिती असो वा पतसंस्था, निवडणूक होते तेव्हा मोजणी सर्वांसमोर व्हावी, आकडा कागदावर यावा आणि त्याची प्रत मागणाऱ्याकडे कोणी वक्र दृष्टीने पाहू नये.

ज्या समाजाची पत पिढ्यान्‌पिढ्या चोख वहीवर उभी राहिली, त्याला हे नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. किसुमूतील जळालेल्या दुकानांपैकी अनेक पुन्हा उभी राहिली. तेथे आजही संध्याकाळी रोकड मोजली जाते, वहीशी ताडून पाहिली जाते आणि मगच दार लावले जाते. राष्ट्रानेही मतपेटीशी तितक्याच सचोटीने वागावे, एवढीच केनियाच्या नागरिकाची मागणी आहे.